मुद्देमालाची खोली

त्या मंगळवारी सकाळी मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना.

पन्नास वर्षं शिवणकाम केलेला माणूस. समोरच्याशी गप्पा मारता मारता, सुईकडे न बघताच, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून नेढ्यातून पार करायचा. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, तरी खिडकीशी बसून ओळखीच्यांची काजं-बटणं करून द्यायचा नेम सुटला नव्हता. आज तिसऱ्यांदा दोरा सुईच्या बाजूनं गेला तेव्हा त्यांनी डोळे चोळले.

“चिंगे, बाहेर धुकं पडलंय का गं?”

मुलगी आरशासमोर पट्टा आवळत होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन लख्ख पडलं होतं.

“धुकं कुठलं, बाबा? चष्म्याचा नंबर वाढला असेल. शनिवारी जाऊ दाखवायला.”

“असेल. जरा पित्तही झालंय.”

त्यांचा चहा तसाच गार झाला होता. तिनं तो पाहिला, पण उशीर झाला होता, आणि ती निघाली. पुढे कितीतरी दिवस तिला तो साय धरलेला कप आठवत राहिला.

घरी चौतिसाव्या वर्षीही ती चिंगीच होती. खात्यात मात्र मॅडम. खातं दारूबंदीचं, आणि ती तिथे दुय्यम निरीक्षक. नऊ वर्षांपूर्वी बंदी आली, दुकानांना टाळी लागली, पाट्या उतरल्या, आणि त्याच सुमाराला तिच्या परीक्षेचा निकाल लागला. आई लहानपणीच गेलेली. बापानं एकट्यानं वाढवलेली पोर सरकारी नोकरीला लागली, याचाच आनंद इतका होता की नोकरी कसली, हा विचार कुणी केला नाही. पहिला युनिफॉर्म मास्तरांनी स्वतः शिवला.

काम ती मन लावून करायची. बंदीच्या पहिल्याच महिन्यात लोकांची डोकी अशी काही चालायला लागली की विचारू नका. गाडीच्या स्टेपनीत दारू, शेकायच्या रबरी पिशवीत दारू, पानं कोरून पोकळ केलेल्या जाडजूड ग्रंथात दारू. एकदा नाक्यावर चिंगीनं एका पोटुशीला बसायला स्वतःची खुर्ची दिली होती. बाई उठली तेव्हा तिचं पोट खळखळलं. पकडलेली प्रत्येक बाटली लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत जायची, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. न पकडलेल्या बाटल्या घरोघरी जायच्या. त्या किती असतील याचा अंदाज खात्यात सगळ्यांना होता, बोलत कुणी नसे.

घरातही एक न बोलायची गोष्ट होती. मास्तरांना संध्याकाळी पेपरमिंटच्या गोळ्या लागायच्या. ती कधी विचारायची नाही, का म्हणून.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला इस्त्रीवाला ऑफिसात आला. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याची टपरी. मास्तरांनी शिवायचं आणि यानं कडक इस्त्री मारून गिऱ्हाइकाला द्यायचं, अशी दोघांची तीस वर्षांची जोडी. चिंगीला त्यानं शाळेच्या रिबिनीसुद्धा इस्त्री करून दिल्या होत्या. पण या इमारतीत त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दारातल्या हवालदाराला वाटलं, युनिफॉर्म द्यायला आला असेल. हात रिकामे होते.

“मॅडम,” तो म्हणाला.

आजवर तो तिला चिंगीताई म्हणायचा.

“काय झालं, काका?”

“मास्तरांना आधी दवाखान्यात न्या. मग मला काय करायचं ते करा.” त्यानं एकदा हवालदाराकडे पाहिलं. “काल संध्याकाळी त्यांना बाटली दिली. मीच. त्या मालात काहीतरी होतं. माझ्या मेहुण्यानं काल तीच घेतली, त्याला पहाटेपासून दिसत नाही. मागच्या गल्लीतल्या एकालाही दिसेनासं झालंय.”

चिंगीनं टेबलावरून जीपची किल्ली उचलली.

“किती घरी दिलीत?”

त्यानं खिशातून इस्त्रीच्या चिठ्ठ्या काढल्या. एरवी त्यांवर ‘शर्ट चार, पॅन्ट दोन’ असं लिहिलेलं असे. आज पाठीमागे पत्ते होते. अकरा घरं. दुसऱ्या क्रमांकावर तिचं.

“मला वाचता येतं तसं लिहिलंय,” तो म्हणाला. “समजत नसेल तर मी दाखवतो.”

रागवायला वेळच नव्हता. तिनं चिठ्ठ्या हवालदाराच्या हातात दिल्या. “जीप घ्या. सगळ्यांना उचला आणि सरळ मोठ्या दवाखान्यात. काकांना पुढे बसवा. आपली जीप बघून लोक मागच्या दारानं पळतील. यांचा आवाज ऐकला तर उघडतील.”

हवालदार निवृत्तीला आलेला, तीस प्रश्न विचारणारा माणूस. त्यानं एकही विचारला नाही.

ती घरी पोचली तेव्हा मास्तर मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. कपाळ घामानं डबडबलेलं, श्वास धावून आल्यासारखा.

“अपचन झालंय,” ते म्हणाले. “तू कशाला आलीस ड्यूटी सोडून?”

“बाबा, इस्त्रीवाले काका आले होते ऑफिसात.”

मास्तरांनी नजर आवाजाच्या दिशेनं वळवली, आणि ती तिच्या चेहऱ्यावर न येता खांद्यावर येऊन थांबली.

“त्याला काही करू नकोस,” एवढंच म्हणाले.

शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चिंगीच्याच वयाच्या, केस वर बांधलेल्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी मास्तरांचे डोळे पाहिले, श्वास मोजले, आणि चिंगीला बाजूला घेतलं.

“कारखान्यात रंग पातळ करायला वापरतात ते स्पिरिट आहे हे. कुणीतरी दारूत मिसळलंय. आधी डोळे जातात, मग माणूस जातो. यावर इंजेक्शन असतं. माझ्याकडे दोघांपुरतं आहे. तुमची जीप आत्तापर्यंत पाच जणांना सोडून गेली. बाकीचा साठा शहरातून यायला पाच तास.”

“मग?”

“मग एकच आहे.” डॉक्टरीणबाईंनी तिच्या युनिफॉर्मकडे पाहिलं. “चांगली दारू. खरी, कंपनीची, सीलबंद. ती पोटात असेपर्यंत शरीर तिच्याच मागे लागतं, विषाला हात लावत नाही, आणि विष तसंच बाहेर पडतं. विचित्र वाटेल, पण पुस्तकात आहे. मोजून द्यायची, तासातासाला. मी लिहून देते. पण ती कुठे मिळेल, ते मला नाही सांगता येणार. तुम्हालाच ठाऊक.”

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चार ओळी लिहून सही केली. चिंगी तो कागद घेऊन खात्यात परतली.

जिन्यातच तिनं वरच्या साहेबांना फोन लावला. ते जिल्ह्याच्या बैठकीत होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं. वडीलही आहेत त्यात, हेही सांगितलं.

“सीलबंद मुद्देमाल कोर्टाचा असतो,” साहेब म्हणाले. “लेखी अर्ज द्या. मी आज पुढे पाठवतो. उद्यापर्यंत परवानगी येईल.”

“साहेब, उद्यापर्यंत परवानगी येईल, माणसं राहणार नाहीत.”

पलीकडून बैठकीतली कुजबुज ऐकू येत होती.

“मला इथे नीट ऐकू येत नाहीये,” साहेब म्हणाले. “मी हो म्हणालेलो नाही. पण मी नाही म्हणालो, असंही कुणी म्हणू नये.” आणि फोन ठेवला.

मुद्देमालाची खोली कारकुनाच्या ताब्यात. लोखंडी दार, आत छतापर्यंत खोकी, आणि कोंदट हवेत सांडलेल्या, वाळलेल्या दारूचा गोडसर वास. कुंड्या नेणाऱ्या ट्रकच्या खोट्या तळातून दोन महिन्यांपूर्वी पकडलेली व्हिस्की कोपऱ्यात होती. चिंगीनंच पकडली होती. दोन खोकी तिनं दाराशी ओढली.

कारकून रजिस्टर उघडून बसला होता. त्याच्या हातातलं पेन कागदाला टेकत नव्हतं. “मॅडम, माझी दोन वर्षं राहिलीत हो.”

“माझं नाव लिहा. माझ्या हुकमावरून, माझ्या जबाबदारीवर. सही मी करते.”

“आणि कारणाच्या रकान्यात?”

“औषध.”

त्यानं तसं लिहिलं. मग उठून दुसरं खोकं स्वतः उचललं आणि गाडीपर्यंत आणून दिलं.

वॉर्डात तोवर दहा जण झाले होते. नर्सनं बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या, संत्र्याच्या रसाचा जग आणला, आणि खोकल्याच्या औषधाच्या मापानं मोजायला सुरुवात केली. ज्यांना गिळता येत नव्हतं त्यांना नळीतून. चिंगी ट्रे घेऊन खाटांमधून फिरत होती. युनिफॉर्म बदलायला वेळ मिळाला नव्हता.

चौथ्या खाटेवरच्या ड्रायव्हरला तिनं दोनदा पकडलं होतं. त्यानं तिच्या खांद्यावरची पट्टी हातानं चाचपली, वास घेतला, आणि घाबरून विचारलं, “मॅडम, हा काही सापळा नाही ना?”

“प्या गुपचूप.”

“प्यायल्यावर पंचनामा?”

“प्यायल्यावर झोप.”

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, पांढऱ्याशुभ्र साडीतल्या. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “मी तसली नाही हो, मला आपली गुडघ्याला चोळायला लागते.” नर्सनं माप त्यांच्या ओठांना लावलं, तेव्हा मात्र एका घोटात संपवून म्हणाल्या, “रस नका घालू एवढा. बेचव होतं.”

हसू येण्यासारखी जागा नव्हती ती. तरी हसले सगळे, ज्यांना हसता आलं ते.

मास्तर मात्र तोंड उघडेनात. भिंतीकडे कूस करून पडले होते.

“बाबा, घ्या.”

“नको.”

“बाबा, हे औषध आहे.”

“औषध असू दे, नाहीतर अमृत असू दे. तुझ्या हातानं नको. तुझ्यासमोर नको.” त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं. “नऊ वर्षं तुझ्यापासून लपवलं, चिंगे. एवढी एकच लाज राखली होती मी.”

चिंगी खाटेच्या कडेवर बसली. माप हातात तसंच.

“बाबा, मी रोज गल्लीच्या तोंडाशी आले की दोनदा हॉर्न वाजवते. का वाजवते, काय वाटलं तुम्हाला?”

मास्तर भिंतीशीच बोलले. “कोपऱ्यावरच्या त्या काळ्या कुत्र्यासाठी. मध्ये येतं म्हणून.”

“ते कुत्रं मेलं, त्याला चार वर्षं झाली.”

तिच्याकडे वळलेली पाठ हलायला लागली. ते रडताहेत की हसताहेत हे चिंगीला कळेना, म्हणून तिनं खांदा धरून त्यांना वळवलं. दोन्ही चाललं होतं.

“म्हणजे मी ग्लास विसळायला धावत होतो,” ते म्हणाले, “आणि तू तिकडे…”

“मी स्कूटर बंद करून शंभर आकडे मोजत होते. आता तोंड उघडा.”

त्यांनी उघडलं, लहान मुलासारखं. तिनं माप रिकामं केलं, रुमालानं त्यांची हनुवटी पुसली, आणि घड्याळ पाहिलं. पुढचा डोस तासानं.

त्या दुपारी, डोसांच्या मध्ये, मास्तर तुटक तुटक बोलत राहिले. बंदीच्या आधी दुकानामागे एक बाकडं असे. संध्याकाळी इस्त्री गार झाली की इस्त्रीवाला तिथे येऊन बसायचा. दोघांत एक क्वार्टर, आणि तासभर गप्पा. “गप्पा कसल्या, त्यानं त्याच्या बायकोचं सांगायचं, मी तुझ्या शाळेचं. बंदी आली आणि बाकडं गेलं. त्यानं आणून द्यायची सोय केली, पण थांबणार कसा? कुणी बघितलं तर? कपड्यांचा गठ्ठा हातात द्यायचा आणि चालू पडायचं. दारू राहिली गं. बसणं गेलं.”

अकराव्या घराचं मात्र जमलं नाही. तिथे एका शाळेतला लिपिक राहायचा. जीप दाराशी थांबली तेव्हा त्याच्या बायकोनं फट उघडून सांगितलं, आमच्याकडे कुणी घेत नाही. आतून त्यानंही ओरडून सांगितलं, मला काही झालेलं नाही. इस्त्रीवाला दारापुढे पंधरा मिनिटं हात जोडून उभा होता. “पकडायला नाही आलो, साहेब. डॉक्टरकडे न्यायला आलोय.” दार उघडलं नाही. तीन वाजता बायकोनंच त्याला रिक्षात घालून आणलं, बेशुद्ध. साडेचारला तो गेला. तो विषाला भ्यायला नव्हता. जीपला भ्यायला होता. चिंगीनं त्याच्या बायकोला पाणी दिलं. त्या बाईनं पेला घेतला आणि युनिफॉर्मकडे बघत तो न पिता परत दिला.

पाचला शहरातून इंजेक्शनं आली. टेबलावर सात बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. सतरा उरल्या, त्या नर्सनं मोजून परत खोक्यात भरल्या.

इस्त्रीवाला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता, मेहुण्याच्या खाटेकडे नजर लावून. चिंगी वही घेऊन त्याच्या शेजारी बसली.

“लिहा,” तो म्हणाला.

तिनं लिहिलं. माल कुणाकडून घेतला, कुठे, कधीपासून. पहिल्यांदा मास्तरांसाठीच आणली होती. मग आणखी एकानं विचारलं, मग त्याच्या साडूनं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणायचं कसं, आणि आपण नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडे जाणार. असं करत करत अकरा झाले.

“बाटली कशातून द्यायचात?”

तो घुटमळला. “घडी केलेल्या कपड्यांत.”

“कुणाच्या?”

“तुमच्या युनिफॉर्मच्या खाली, चिंगीताई. सरकारी कपड्यांची घडी कोण उलगडून बघणार?”

तिचं पेन थांबलं. नऊ वर्षं दर दोन दिवसांनी तो गठ्ठा घरात येत होता. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. तिनं ते वाक्य होतं तसं लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली, की सदर इसम स्वतः होऊन हजर झाला, आणि तो आला नसता तर हे सर्व लोक दगावले असते. मग स्वतःच त्याला ठाण्यावर घेऊन गेली.

अकरा घरांतले आणि इस्त्रीवाल्याचा मेहुणा, अशा बारा जणांतले अकरा जगले. त्यांतल्या दोघांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांत एक तो मेहुणा. मास्तरांना उजव्या डोळ्यानं कडेकडेचं दिसायचं, डाव्यानं दुधाळ काचेतून दिसावं तसं. स्पिरिट मिसळणारा सापडला. त्याला ते पुरवणारा सापडला नाही.

चिंगीची चौकशी लागली. परवानगीवाचून मुद्देमालाचं सील तोडलं, हे तिनं पहिल्याच दिवशी कबूल केलं. वरच्या साहेबांना बोलावलं तेव्हा ते उठून म्हणाले, “मला फोन आला होता. मी अडवलं नाही.” तेवढं त्यांनी म्हणायला नको होतं, त्यांच्या दृष्टीनं. तीन महिने निलंबन झालं, आणि नंतर आवक-जावकच्या टेबलावर बदली.

त्या तीन महिन्यांत ती घरीच असायची. पंधरा दिवस झाले नाहीत तोच गल्लीत पुन्हा कुणीतरी पुरवायला लागलं. कोण, हे शोधायला खातं लागत नव्हतं. दूधवाल्याच्या कॅनमधून काच किणकिणताना तिनं खिडकीतून ऐकली. एका सकाळी ती त्याला फाटकाशी गाठून म्हणाली, “सुट्टा माल आणू नकोस. सीलबंद नसेल ते कुणाच्या घरात गेलं, तर मी परत कामावर येईन तेव्हा पहिलं तुझ्याकडे येईन.” दूधवाला पांढराफटक पडला. आपण हे काय बोलून बसलो, याचं तिला स्वतःलाच बरेच दिवस नवल वाटत राहिलं.

मास्तरांची संध्याकाळ अवघड जायची. सात वाजले की ते मांडीवरचा कपडा उगाच सारखा करत बसायचे. चिंगी जवळ बसायची. कधी ते जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे, कधी विनाकारण तिच्यावर खेकसायचे.

“आता माझ्या घोटाचा परवानाही तूच देणार का?” एकदा त्यांनी विचारलं.

“मी कोण परवाना देणार? पण लपून नका घेऊ. घ्यायचीच तर माझ्यासमोर घ्या.”

“तुझ्यासमोर घशाखाली उतरत नाही,” ते म्हणाले. “एकदा उतरली, ती मापात होती म्हणून.”

महिन्यातून एकदा ती त्यांना तुरुंगात भेटीला न्यायची. जाळीच्या अलीकडे मास्तर, पलीकडे इस्त्रीवाला. पहिल्या भेटीत दोघंही अवघडून गप्प होते. दुसऱ्या भेटीला पहारेकऱ्याला दोनदा येऊन वेळ संपल्याचं सांगावं लागलं.

अकरा महिन्यांनी तो सुटला. टपरी पुन्हा उघडली, कोळसे पेटले. पहिले काही दिवस गिऱ्हाईक बिचकत होतं, मग यायला लागलं. कपडे चुरगळायचे काही थांबत नाहीत. पहिल्या शनिवारी संध्याकाळी तो युनिफॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. चिंगीनं दार उघडलं, तेव्हा त्यानं तिच्यासमोर प्रत्येक घडी उलगडून दाखवली.

“काय हे, काका!” ती म्हणाली. “आता पुन्हा इस्त्री कोण करणार?”

तो ओशाळून जायला निघाला. आतून मास्तरांनी हाक मारली, “कोण, तू आहेस का? चाललास कुठे?”

चिंगीनं दोन कप चहा ठेवला आणि स्वतः मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेली. भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत होते.

“चहा बरा झालाय,” इस्त्रीवाला म्हणत होता.

“बरा कसला? पाणी आहे नुसतं,” मास्तर म्हणाले. “पण तू बस.”